त्या दिवशी चूल पेटली नाही

खोल्या पाडायच्या ठरल्यात, तुला काही ठेवून घ्यायचं असलं तर येऊन बघून जा, असा कुरुळीहून वडिलांचा, आप्पांचा फोन आला आणि मी रविवारी सकाळीच हिंजवडीहून निघाले. निघताना गॅसचं बटण बघितलं. दार लावलं, लिफ्टपर्यंत गेले, परत आले आणि पुन्हा बघितलं. नवरा म्हणतो, तू स्वयंपाकघरात पायांनी नाही, नाकाने शिरतेस. खरंच आहे ते. फोडणीचा वास आला की माझा जीव भांड्यात पडतो आणि कसलाच वास आला नाही तर मी आणखी एकदा खोल श्वास घेऊन बघते. मी भित्री आहे आणि ते मी कधी लपवलं नाही. हा भित्रेपणा मी कुरुळीतूनच घेऊन निघाले होते, एका उन्हाळ्यात.

आमची बरीचशी जमीन कंपन्यांत गेली तेव्हा उरलेल्या तुकड्यावर, घराच्या अंगणाला लागून, आप्पांनी भाड्याच्या खोल्या काढल्या. एका ओळीत, वर पत्रा, पुढे सिमेंटचा ओटा, कडेला सामाईक नळ. लातूर, बीड, नांदेडकडची माणसं तिथे राहायची आणि चाकणच्या कंपन्यांत कामाला जायची. संध्याकाळी त्या ओट्यावरून चालत गेलं तर दर दाराला वेगळी फोडणी असायची. एकीकडे काळा मसाला, एकीकडे जळका लसूण, पुढे कुणाच्या तरी चुलीवर करपलेली मिरची. शिंका देत देत मी शेवटपर्यंत जायची आणि तशीच परत यायची. आज गेले तर दारं काढून नेलेली, आत उजेड शिरलेला. मी शेवटच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभी राहिले. ही संगीताताईची खोली.

या खोलीच्या दारात त्या उन्हाळ्यात मोगऱ्याचा वास यायचा. माझी दहावीची परीक्षा संपली होती, हाताला काम नव्हतं आणि सगळ्यांच्या घरात नाक खुपसायला वेळच वेळ होता. संगीताताईचा नवरा रोज कामावरून येताना पुडीत मोगऱ्याची फुलं आणायचा. तिच्या केसांत मात्र मला ती कधी दिसली नाहीत. तिची तान्ही मुलगी त्याच महिन्यात गेली होती. कशाने गेली ते मोठ्यांनी आमच्यासमोर बोललं नाही आणि आज मलाही ते उकरायचं नाही. लेकरू गेलं आणि ही फुलं कसली घेते, असं मला वाटायचं, आणि तिचा थोडा रागही यायचा. फुलं छातीवर बांधून ठेवली की दूध आटतं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

बायकांना ठाऊक होतं. आणि ठाऊक असूनही बायका तिच्यापासून लांब राहायच्या. ती नळावर आली की लेकुरवाळ्या आपलं मूल पदराखाली घ्यायच्या. भांडण नाही, तंटा नाही, नुसता पदर पुढे यायचा. ओळीतल्याच एका बाळाचं बारसं झालं तेव्हा घुगऱ्या दारोदार गेल्या, शेवटच्या दारी गेल्या नाहीत. त्या घुगऱ्या वाटायला आईच निघाली होती. आमची आई वाईट नव्हती. दारात आलेल्या कुत्र्यालाही ती भाकरी घातल्याशिवाय हाकलायची नाही. पण रीत म्हटली की तिच्या डोळ्यांवर झापड यायची.

मे महिना होता. दुपारी अंगणात कुरडया वाळत होत्या, गच्चीवर सांडगे होते आणि मी काठी घेऊन कावळे हाकत बसले होते. अचानक मला काहीतरी चुकल्यासारखं झालं. काय चुकलं ते कळायला वेळ लागला. हायवेचा आवाज बंद झाला होता. मी जन्मल्यापासून तो आवाज कधी थांबला नव्हता. ट्रक, एसटी, कंपनीच्या बसा, सगळ्यांची मिळून एक घरघर आमच्या झोपेतसुद्धा चालू असायची. ती थांबली आणि चिमण्या ऐकू यायला लागल्या. मला त्या चिमण्यांची भीती वाटली.

मग गल्लीतून पोलीस शिपाई धावत आला. गाडी न घेता, घामाघूम, ओरडत. हायवेवर गॅसचा टँकर उलटला होता आणि गॅस गळत होता. चूल पेटवू नका, शेगडी पेटवू नका, काडी ओढू नका, गाडी चालू करू नका, मोबाइल बंद ठेवा. लाईट तर वीजवाल्यांनी आधीच तोडली होती. वारा गावाकडून हायवेकडे आहे तोवर भ्यायचं कारण नाही, असं सांगून तो पुढच्या गल्लीत गेला. वारा फिरला तर काय, ते त्याने सांगितलं नाही. सगळ्यांच्या माना आपोआप भैरवनाथाच्या कळसाकडे वळल्या. झेंडा हायवेच्या दिशेने फडकत होता. पुढचे कितीतरी तास आम्ही बोलताना एकमेकांच्या तोंडाकडे न बघता त्या झेंड्याकडे बघत बोललो.

त्याच्या मागोमाग माणसं आली. टँकरच्या मागे अडकलेल्या एसटीतली. जसे आहात तसे उतरा, सामान राहू द्या आणि गावात पळा, असं त्यांना सांगितलं होतं. घाबरलेली, धुळीने भरलेली, एकाच्या पायात एकच चप्पल. काही शाळेत गेली, काही देवळात, आणि एक मोठा घोळका आमच्या अंगणात शिरून लिंबाखाली टेकला. आई माजघरातून बाहेर आली, एवढी माणसं बघितली आणि तिच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं.

"बसा बसा, पाणी प्या. च्या टाकते."

आणि ती खरोखर आत जाऊन लायटर घेऊन शेगडीपाशी उभी राहिली. आप्पा कसे धावले ते मला अजून दिसतं. त्यांनी तिच्या हातातून लायटर हिसकावून घेतला.

"अगं, आत्ता काय सांगून गेला त्यो? गाव उडवतीस का?"

"आवं, पण माणसं दारात आलीत," आई म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, तरी ती अडून होती. "नुसती बसवू का त्यांना?"

आज हे सांगताना मला हसू येतं. तेव्हा माझे दात वाजत होते. आपल्या लोकांचं हे असं आहे, जीव गेला तरी पाहुण्याला चहा विचारल्याशिवाय जाणार नाही.

पण मग गावाने जे केलं ते बघण्यासारखं होतं. विस्तवाशिवाय काय काय खाता येतं हे प्रत्येक घर आठवू लागलं. कुणी सातूचं पीठ काढलं आणि गुळाच्या पाण्यात कालवलं. कुणी पोहे भिजवून त्यावर दही घातलं. ताकाचे हंडे आले, काकड्या आल्या, बुक्कीने फोडलेले कांदे आले, सकाळच्या भाकरी कुस्करून त्यांचा काला झाला. दोन घरांची बोलाचाल बांधावरून बंद होती. त्यांनी एकाच परातीत पोहे कालवले, बोलले मात्र तेव्हाही नाहीत. कुणी मोठ्याने हसत नव्हतं. भांडं भांड्यावर आपटलं की सगळे दचकायचे. शेंगदाण्याचं कूट, कांदा आणि ताक यांचा आंबूस वास अंगणात पसरला होता आणि त्या वासाखाली आणखी एखादा वास, तो सडक्या कोबीसारखा, येतोय का हे प्रत्येकजण हळूच हुंगत होता. दर थोड्या वेळाने कुणीतरी म्हणायचं, "आला का?" आणि दुसरं म्हणायचं, "न्हाई, न्हाई."

सगळे खात होते तेव्हा लिंबाच्या बुंध्याशी एक तरुण माणूस तान्हं मूल घेऊन बसला होता. बरोबर बाई नव्हती. त्याला मूल नीट धरताही येत नव्हतं. आई त्याच्यापाशी जाऊन बसली तेव्हा त्याचं सगळं बाहेर आलं. नाव सुनील. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये कामाला. बायको बाळंतपणानंतर काविळीने दवाखान्यात पडलेली आणि डॉक्टरांनी अंगावर पाजू नको म्हणून सांगितलेलं. मुलगी दोन महिन्यांची. तिला मंचरला बहिणीकडे ठेवायला तो निघाला होता.

"पावडरचा डबा, बाटली, सगळं बॅगेत हाय काकू. बॅग एसटीत राहिली," तो म्हणाला. "मी परत गेलो होतो, पोलिसांनी ढकलून दिलं. सकाळी पाजलंय, त्याच्यावर काय नाय तिच्या पोटात."

मग धावपळ सुरू झाली. गाईचं दूध होतं, पण ते तापवायचं कशावर? थोडं निरसंच पाणी घालून चमच्याने दिलं, मुलीने ते सगळं ओकून टाकलं. गुळाचं पाणी दिलं, तेही राहिलं नाही. औषधांची दुकानं सगळी हायवेला आणि हायवे बंद. आप्पा पायीच शेजारच्या मोई गावाकडे पावडर शोधायला गेले. आईने मला गावात पिटाळलं, कुणी पाजणारी आहे का बघ म्हणून. मी घरोघर फिरले. एक बाळंतीण माहेरी, दुसरी सासरी परतलेली, तिसरीने मूल अंगावरून कधीच तोडलेलं. आमच्या ओळीतल्या लेकुरवाळ्या तर गेल्याच आठवड्यात पोरं घेऊन आपापल्या गावी गेलेल्या. धावत परत आले तेव्हा मुलगी रडत होती आणि अंगणातली सगळी माणसं जेवायची थांबली होती. हातात घास धरून बसली होती.

एक दार मी वाजवलं नव्हतं. ते वाजवायचं असतं हे मला सुचलंच नाही.

ऊन उतरलं. आप्पा आले नाहीत. अग्निशमनची गाडी टँकरवर पाणी मारतेय, वेळ लागेल, असं कुणीतरी येऊन सांगून गेलं. आणि मग मुलीचं रडणं बारीक होत गेलं. आधी त्या रडण्याने जीव नकोसा झाला होता. आता ते थांबेल या भीतीने आम्ही कान देऊन बसलो. एकदा ते थांबलं. सुनीलने तिच्या नाकाशी बोट धरलं. ती पुन्हा कुरकुरली. लिंबाखालची एक म्हातारी प्रवासी देवाचं नाव घ्यायला लागली, तिला कुणीतरी गप्प केलं.

दिवेलागण झाली. आमच्या घरात त्या वेळेला कितीही काम असो, आई हातपाय धुऊन देव्हाऱ्यापाशी जायची. ती गेली. मी मागे होते. तिने समईतली वात सारखी केली, कोनाड्यात हात घातला, काडेपेटी उघडली आणि काडी बाहेर काढली. डोकं तिचं बाहेर त्या मुलीपाशी होतं, हात मात्र रोजच्यासारखा चालला होता. मी तिचं मनगट पकडलं. आई माझ्याकडे बघत राहिली, मग हातातल्या काडीकडे.

ती उठली, मोरीत गेली आणि काडेपेटी पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवली. हात धरून ठेवला, जणू काडेपेटी वर उसळून येणार होती.

"दिवा न्हाई, चूल न्हाई," ती स्वतःशीच म्हणाली. "आज काय राहिलंय पाळायचं?"

ओल्या हाताने ती तशीच अंगण ओलांडून ओट्यावर चढली आणि शेवटचं दार वाजवलं.

संगीताताईने दार किलकिलं केलं. आतून मोगऱ्याचा वास आला, दिवसभराच्या उकाड्यात कोमेजलेला. तिला सगळं ऐकू आलं होतं. पत्र्याच्या खोलीत काय लपतं? तिचे डोळे सुजले होते आणि पोलक्याच्या पुढे पदर गच्च गुंडाळलेला होता.

"संगीता, चल," आई म्हणाली. "लेकरू चाललंय हातातनं."

"मला नका बोलावू काकू. कामून आलात?" तिने दाराला हाताने धरून ठेवलं. "लेकराला काय झालं तर माझ्यावरच येईल. आधीच सगळे काय म्हणायलेत मला ठाऊक हाय."

त्या म्हणणाऱ्यांत ती स्वतः होती आणि ते दोघींनाही माहीत होतं.

"माझ्या घरात पाज," आई शेवटी म्हणाली. "माझ्या माजघरात, देवासमोर. काय झालं तर माझ्या घरात झालं. लोक मला बोलतील, तुला न्हाई बोलायचे."

संगीताताईचा दारावरचा हात खाली आला.

अंगणातून येताना आई सुनीलपाशी थांबली आणि सगळ्यांसमोर, लपवाछपवी न करता म्हणाली, "हिचं लेकरू ह्याच महिन्यात गेलंय. हिनं पाजलं तर चालंल का तुला?"

त्याला प्रश्नच कळला नाही. तो एकदा आईकडे, एकदा संगीताताईकडे बघत राहिला.

"चालंल म्हंजे?" तो म्हणाला. "ताई, घ्या ना." आणि त्याने मुलगी तिच्या हातात दिली.

माजघरात काळोख होता. बॅटरी नाही, मोबाइल नाही, काही नाही. संगीताताई भिंतीला टेकून बसली, तिने आतून बांधलेली पट्टी सोडली आणि कोमेजलेली फुलं जमिनीवर पडली. आई शेजारी बसून होती, मी दाराशी. मुलीला आधी ओढताच येईना. तोंड लागायचं आणि सुटायचं. आई अंधारातच सांगत होती, डोकं वर घे, गाल चोळ, तळपायाला टिचकी मार. बाहेर अंगणात एवढी माणसं होती, पण खोकण्याचाही आवाज नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग तो आवाज आला, घोट गिळण्याचा, बारीक, मग आणखी एक. मी आयुष्यात बरंच संगीत ऐकलं असेल, त्या आवाजाची सर कशालाच नाही. संगीताताई रडत होती की काय ते दिसलं नाही. आईचं नाक ओढणं मात्र ऐकू आलं. मी बाहेर येऊन म्हटलं, "पितीय," आणि लिंबाखालच्या माणसांनी हातातले घास तोंडात घातले.

रस्ता मोकळा झाल्याची बातमी त्यानंतर आली, आप्पाही तेव्हाच रिकाम्या हाताने परतले. लाईट यायची होती. ड्रायव्हरने एसटी गावाच्या कमानीपर्यंत आणली आणि माणसं घाईने उठली. सगळा दिवस त्यांनी याच क्षणाची वाट पाहिली होती. सुनील माजघराच्या दाराशी आला. मुलगी संगीताताईच्या पदराखाली झोपली होती. परत दे असं तिला म्हणायचं कुणी? आई तोंड फिरवून उभी राहिली. सुनील चुळबुळ करत होता. ही देणारच नाही असं मला वाटत होतं आणि खरं सांगायचं तर तिने देऊ नये असंही वाटत होतं.

"आणखी एकदा पाजते," संगीताताई म्हणाली. "मंचर लांब हाय ना?"

मी कमानीपर्यंत पळत गेले आणि कंडक्टरला सांगितलं. त्याने मला उलट काही विचारलं नाही. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं. एसटीतले सगळे, घरची वाट बघणारे, सामान सापडलेले, एक चप्पलवाला, आपापल्या जागेवर बसून राहिले. कुणी घड्याळ दाखवलं नाही, कुणी बेल ओढली नाही. एकदाही हॉर्न वाजला नाही. दिवसभर गावाने त्यांच्यासाठी जे केलं त्याची फेड म्हणून नसेल, पण मला ते तसंच आठवतं.

सुनील नंतर एकदा फोनवर बोलला, बायको घरी आली, मुलगी बरी आहे म्हणून. पुढच्या वर्षी संगीताताईच्या नवऱ्याला दुसऱ्या कंपनीत काम लागलं आणि ती रांजणगावच्या बाजूला राहायला गेली. त्या मधल्या वर्षात ओळीत कुणाचंही बारसं असलं की घुगऱ्यांचं पातेलं आई तिच्याच हातात द्यायची आणि बायका निमूट घ्यायच्या. मी आज रिकाम्या खोलीत उभी आहे. पलीकडे जेसीबी येऊन थांबलाय. आप्पा विचारतायत, काय घेऊन जायचंय तुला? काय सांगू त्यांना? मला एकच संध्याकाळ हवी आहे आणि ती आणखी कुणाला सांगितलेलीही नाही.

एसटी गेली. माणसं पांगली. आई देव्हाऱ्यापाशी नुसतीच हात जोडून बसली, काडेपेटी भिजलेली होती. संगीताताई ओट्यावर आली आणि खोलीच्या उंबऱ्यावर बसली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. बराच वेळ ती हायवेकडे बघत होती, तिकडे पुन्हा घरघर सुरू झाली होती.

"कशी होती गं दिसायला?" तिने विचारलं.

मी चमकून तिच्याकडे बघितलं.

"मी बघितलंच न्हाई," ती म्हणाली. "पदर काढलाच न्हाई. बघितली असती तर दिली नसती मी."

मग मी तिला सांगितलं. दुपारी उजेडात मी जेवढं बघितलं होतं तेवढं सगळं. केस दाट, कपाळावर उतरलेले. रंग सावळा. हनुवटीला खळी. पापण्या लांब.

"अन् नाक?"

"नाक बापाचं."

"माझीचं माझ्यासारखं होतं," संगीताताई म्हणाली, आणि मग ती मला तिच्या मुलीबद्दल सांगत बसली.